झोंबिवली, आमचं गेट आणि चौथीतली एक वही



गेल्या महिन्यात मी चौथीच्या वर्गाला निबंधाचा विषय दिला होता, 'मी पाहिलेला चित्रपट'. असे निबंध कसे येतात हे तुम्हाला माहीतच आहे. चित्रपटाचं नाव, कोणाबरोबर पाहिला, आवडलेलं पात्र, काय शिकायला मिळालं, आणि शेवटी 'म्हणून हा चित्रपट मला खूप आवडतो'. मी फळ्यावर पाच मुद्दे लिहून दिले होते आणि मुलांनी ते इमानेइतबारे भरले होते. घरी चहा घेत घेत वह्या तपासत होते. हात आपोआप चालत होता. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, बरोबरची खूण, पुढची वही.

एका मुलीने 'झोंबिवली'वर लिहिलं होतं. तिने सगळीकडे 'झोम्बी' असं लिहिलेलं होतं, ते मी लाल पेनाने 'झोंबी' केलं. मग शेवटचा मुद्दा आला, 'या चित्रपटातून काय शिकायला मिळालं?' तिथे तिने लिहिलं होतं, "त्यांच्या बिल्डिंगला गेट होतं. आमच्या खोलीला गेट नाही. म्हणून झोंबी आले तर आम्ही आधी मरू."

पेन तिथेच थांबलं. या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आता इथे काय खूण करायची, सांगा बरं.

ही मुलगी पळस्प्याजवळ पत्र्याच्या खोलीत राहते. आईवडील मराठवाड्यातून बांधकामावर आलेले. तिने हा सिनेमा वडिलांच्या मोबाइलवर पाहिला होता. मुलांनी असले सिनेमे पाहावेत का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. त्यावर शेवटी बोलू. आधी त्या गेटबद्दल सांगते, कारण तिचं वाक्य वाचताना मला सिनेमातलं गेट आठवलं नाही. आमच्याच इमारतीचं आठवलं.

ज्यांनी 'झोंबिवली' पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आदित्य सरपोतदार यांचा हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. झोंबी, म्हणजे मेल्यावरही चालणारी, चावणारी माणसं. इंग्रजी सिनेमांत हे भूत पुष्कळ वर्षं हिंडतंय, पण मराठी पडद्यावर ते आपल्या डोंबिवलीत आलं ते या चित्रपटात. सुधीर आणि सीमा हे तरुण जोडपं डोंबिवलीतल्या एका नव्या उंच इमारतीत राहायला येतं. सुधीर म्हणजे अमेय वाघ, सीमा म्हणजे वैदेही परशुरामी. सुधीर इंजिनिअर आहे, सीमाला दिवस गेलेले आहेत. नवीन घर, घरात बाळ येणार, म्हणजे कुठल्याही मध्यमवर्गीय जोडप्याचं स्वप्नच म्हणा ना. त्यांच्या इमारतीशेजारी जनतानगर नावाची वस्ती आहे. तिथल्या लोकांचे पाण्यावाचून हाल होतायत आणि त्यांच्या बाजूने भांडणारा विश्वास आहे, ललित प्रभाकर. मग एके दिवशी साथ सुरू होते, आणि तिचं मूळ दूषित पाण्याशी जोडलेलं असतं. आता सुधीर आणि सीमाला जगायचंय, पोटातल्या बाळासकट. पुढचं सांगत नाही, ज्यांना पाहायचा असेल त्यांचा रस जाईल.

पाण्यातून साथ, हे सिनेमातलं काहीतरीच आहे असं म्हणून आपण सोडून देऊ शकत नाही. निदान आम्ही पनवेलकर तरी नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली होती, आठवतंय? कारखान्यातला रंग कासाडी नदीच्या पाण्यात गेला आणि त्या पाण्यात शिरलेली कुत्री निळी झाली. त्यांचे फोटो जगभर गेले. खुद्द डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याची बातमी होती आणि २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला होता. म्हणून 'झोंबिवली' पाहताना आम्ही हसलो खरे, पण पाण्याची गोष्ट निघाली की हसू अर्धवट राहायचं.

मी आणि माझे मिस्टर हा सिनेमा थिएटरात पाहायला गेलो होतो. तेव्हा थिएटरं अर्ध्या क्षमतेने चालत होती, एक खुर्ची सोडून बसायचं. दीड वर्षाच्या मुलीला सासूबाईंकडे ठेवून कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं कुठेतरी बाहेर पडलो होतो. मध्यंतरात मिस्टर पॉपकॉर्न आणायला उठले, तेव्हा मी रडत होते. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. ते काय, ते सांगते. पण त्याआधी आणखी दोन सिनेमांबद्दल थोडं बोलू द्या, म्हणजे माझं म्हणणं नीट कळेल.

पहिला आहे 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८ सालचा. जॉर्ज रोमेरो यांचा हा कृष्णधवल चित्रपट आजच्या सगळ्या झोंबी सिनेमांचा आजोबा समजला जातो. गंमत म्हणजे त्यात झोंबी हा शब्द कोणी उच्चारतच नाही. शेतावरच्या एका घरात काही अनोळखी माणसं अडकतात, बाहेर मेलेली माणसं चालत येतायत. घराला तळघर आहे आणि तिथे एक नवरा, बायको आणि त्यांची आजारी मुलगी लपलेली आहेत. नवऱ्याचा हेका एकच, तळघरात जाऊ आणि दार आतून बंद करू. वर असलेला दुसरा माणूस, बेन, म्हणतो की तळघराला दुसरी वाट नाही, वरच लढू. सगळा सिनेमाभर हाच वाद चालतो. वर की खाली, वर की खाली. नवरा-बायकोचंही एकमेकांशी धड बोलणं नाही. एकमेकांचं ऐकून काही वेगळं सुचेल, अशी त्या घरात कोणाला सवडच नाही. त्यांचं काय होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.

दुसरा आहे 'अ क्वायट प्लेस', २०१८ चा. यात दिग्दर्शक जॉन क्रासिन्स्की आणि एमिली ब्लंट हे खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको पडद्यावरही नवरा-बायको झाले आहेत. इथे झोंबी नाहीत, तर आवाजावर झडप घालणारे भयंकर प्राणी आहेत. जरा भांडं वाजलं की संपलं. आणि बाई गरोदर आहे. विचार करा, आवाज न करता बाळंतपण! या कुटुंबातली मोठी मुलगी कर्णबधिर आहे, म्हणून घरात सगळ्यांना खुणांची भाषा आधीपासून येते. जी गोष्ट एरवी लोकांना उणीव वाटली असती, तीच या घराला वाचवते. (विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या शिक्षकांनी एवढ्यासाठी तरी हा सिनेमा पाहावा. ही भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः कर्णबधिर आहे.) पायवाटांवर त्यांनी वाळू पसरलीय, म्हणजे पावलं वाजत नाहीत. आणि आईला कळा सुरू होतात तेव्हा वडील मुलाला दूर पाठवून आतषबाजी उडवायला लावतात. त्या दणदणाटात तिला एकदाचं मोकळेपणी ओरडता येतं.

हे दोन सिनेमे शेजारी ठेवून पाहिले की मला एक गोष्ट दिसते. माणूस घाबरला की त्याला दोनच पर्याय दिसतात. दार उघडं किंवा बंद. वर किंवा खाली. ओरडलो तर मेलो, नाहीतर गप्प राहायचं. तिसरं काही असू शकतं हे एकट्या घाबरलेल्या डोक्याला सुचत नाही, त्याला बहुतेक वेळा शेजारचा माणूस लागतो. वाळू, खुणा, आतषबाजी ही सगळी तिसऱ्या पर्यायाची नावं आहेत. अशा सिनेमांतली जोडपी वाचतात ती ताकदीमुळे किंवा बंदुकीमुळे वाचतात असं आपल्याला वाटतं. मला वाटतं, एकाला दोनच वाटा दिसत असताना दुसऱ्याला तिसरी दिसते, आणि पहिला ती ऐकून घेतो, म्हणून ती वाचतात. सुधीर आणि सीमाच्या बाबतीत तर हा दुसरा माणूस फक्त घरातलाच राहत नाही. भिंतीपलीकडच्या विश्वासची साथ त्यांना घ्यावी लागते.

आता आमची गोष्ट.

मे २०२०. टाळेबंदी सुरू होऊन दीड-दोन महिने झाले होते. मला सहावा महिना होता. शाळा मार्चपासून बंद. आमच्या कितीतरी शिक्षक बांधवांना चेकनाक्यावर नाहीतर सर्वेक्षणाला ड्यूटी लागली होती, मला मात्र घरी राहायची सवलत मिळाली होती. मिस्टर कंटेनर यार्डात कामाला. न्हावाशेवा बंदराचं काम अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे त्यांना जावंच लागायचं. ते घरी आले की हॉलमध्ये राहायचे आणि मी आतल्या खोलीत. मधलं दार बंद. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि बोलणं दाराआडून. एकाच घरात राहून आम्ही फोनवर बोलायचो, आता आठवलं की हसू येतं.

ज्यांना पळस्पे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पळस्पे फाटा म्हणजे जुना मुंबई-पुणे रस्ता आणि मुंबई-गोवा महामार्ग जिथे वेगळे होतात ती जागा. डावीकडे खोपोली, लोणावळा. उजवीकडे कर्नाळा, पेण, वडखळ आणि खाली सगळं कोकण. मुंबईहून निघालेल्या कोकणी माणसाला या फाट्यावर पोचलं की गाव लागल्यासारखं वाटतं, मग ते गाव अजून दोनशे किलोमीटर लांब का असेना. एरवी इथे कंटेनर, एसटी, रिक्षा यांचा गोंगाट असतो. त्या दिवसांत रस्ता शांत होता आणि रस्त्याच्या कडेने माणसं चालत होती. पनवेल स्टेशनातून परराज्यात जाणाऱ्या श्रमिक रेल्वे सुटू लागल्या होत्या. कोकणातल्या माणसाला मात्र जिल्हा ओलांडायचा तर ई-पास हवा. ज्यांना तो मिळाला नाही किंवा गाडी परवडली नाही, ते पायी निघाले. डोक्यावर बॅग, हातात पोर, तोंडाला रुमाल.

आमची इमारत रस्त्यापासून जरा आत आहे, चार मजल्यांची. सोसायटीने गेटला कुलूप लावलं होतं आणि कागद चिकटवला होता, 'बाहेरील व्यक्तींस प्रवेश नाही'. तो कागद चिकटवला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

एका दुपारी मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गेटपाशी एक जोडपं येऊन उभं राहिलं. आमच्याच वयाचे असतील. बाईच्या चपलेचा अंगठा तुटलेला, तो तिने सुतळीने बांधला होता. ती गेटच्या सावलीत बसली. माणसाने वर पाहिलं आणि म्हणाला, "ताई, पाणी मिळेल का? घाटकोपरवरून येतोय, पोलादपूरला जायचंय." रिकामी बाटली त्याने वर करून दाखवली.

आमच्या गेटच्या आत, अगदी दहा पावलांवर नळ आहे.

मला काय काय वाटलं ते एका क्षणात वाटून गेलं. खाली गेले तर कुलूप उघडावं लागेल, बाटली हातात घ्यावी लागेल, पोटातल्या बाळाला काही झालं तर, सोसायटीवाले काय म्हणतील. मी म्हणाले, "दादा, नळाला पाणी नाहीये हो. मे महिना आहे ना."

तो म्हणाला, "बरं." रागावला नाही. बायकोला हाताला धरून उठवलं आणि दोघं कर्नाळ्याच्या दिशेने चालू लागली. मी पाठमोरी पाहत राहिले. पोलादपूर इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर तरी असेल. मग मी आत आले आणि स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाणी होतं. अगदी धो धो.

रात्री मी दाराआडून मिस्टरांना सांगितलं. खरं तर सांगणार नव्हते, पण जेवण जाईना. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता म्हणतील, बरोबर केलंस, तुझी अवस्था काय, तू कशाला खाली उतरतेस. किंवा रागावतील. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "गच्चीवर ते निळं पिंप आहे ना रंगाचं, ते धुतलेलं आहे का?"

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी त्यांनी त्या पिंपाला खाली नळ बसवला, पिंप गेटच्या बाहेर भिंतीला लागून दोन विटांवर ठेवलं आणि आतून पाईप सोडून भरलं. वर खडूने लिहिलं, 'पिण्याचे पाणी'. कुलूप उघडलं ते पिंप बाहेर ठेवण्यापुरतं. आत कोणी आलं नाही, कोणाचा हात कोणाला लागला नाही. सोसायटीत कुरबूर झालीच. दोघंतिघं म्हणाले, गर्दी होईल. पण मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पिंपाशेजारी बिस्किटांचे पुडे ठेवायला सुरुवात केली, आणि कुरबूर आपोआप थांबली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं त्या दिवशी पिंप आत घेतलं, तोवर ते तिथे होतं.

ते जोडपं पोलादपूरला पोचलं असेल का? कोणी ना कोणी वाटेत पाणी दिलंच असेल, असं मी स्वतःला सांगते. पण त्या दोघांसाठी मी गेट बंदच ठेवलं, आणि खोटंही बोलले. त्यात बदल होणार नाही. 'झोंबिवली'मध्ये गरोदर सीमा, तिची उंच इमारत आणि बाहेर पाण्यासाठी झगडणारी वस्ती पाहिल्यावर मला माझी गॅलरी दिसली. म्हणून मध्यंतरात रडू आलं.

आता पुन्हा वहीकडे येऊ. "आमच्या खोलीला गेट नाही, म्हणून आम्ही आधी मरू," असं लिहिणारी ती मुलगी २०२० मध्ये तीन-चार वर्षांची असेल. अशा वेळी गेटच्या आत कोण असतं आणि बाहेर कोण, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. तिने सिनेमा पाहिला आणि आपण कुठे आहोत ते स्वतःच ओळखलं. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो होतो की मूल गोष्टीत स्वतःची जागा शोधतं. परीक्षेत हे लिहून मी मार्कही मिळवले होते. त्याचा अर्थ मला या वहीत कळला.

दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव न घेता वर्गाला विचारलं, "समजा, तुम्ही गेटच्या आत आहात. बाहेर झोंबी फिरतायत. आणि गेटपाशी एक आई-बाबा आले, त्यांना पाणी हवंय. काय कराल?"

वर्गात एकच कल्ला झाला. निम्मे म्हणाले, "उघडायचं!" निम्मे म्हणाले, "नाही बाई, मग झोंबी आत येतील ना!" एक जण म्हणाला, "आधी विचारायचं, तुम्हाला चावलंय का, मग उघडायचं." त्यावर दुसरा म्हणाला, "ते खोटं बोलतील तर?" अगदी वर की खाली, वर की खाली, तोच वाद. मी मुद्दाम काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तासाला तोंड उघडत नाही, कंटाळल्यासारखा म्हणाला, "गेट कशाला उघडायचं बाई? भिंतीवरून पाईप सोडा ना."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. जे मला त्या दुपारी सुचलं नाही ते या पोराला बसल्या जागी सुचलं. माझ्याकडे गॅलरी होती, दोरी होती, बाटल्या होत्या. वरून बाटली सोडली असती तरी चाललं असतं. पण मी एकटी होते आणि घाबरलेली होते.

मग वर्गात तिसऱ्या पर्यायांची रांगच लागली. बादलीला दोरी बांधू. गेटच्या फटीतून पेला सरकवू. त्यांना दुसऱ्या बाजूच्या गच्चीवर जायला सांगू. आणि ती मुलगी, जिच्या खोलीला गेट नाही, ती म्हणाली, "बाई, सगळ्यांनी शाळेत यायचं. शाळेला गेट आहे."

खरंच आहे तिचं. संकट आलं की गावाला आधी शाळाच आठवते. टाळेबंदीत गावी परतलेल्या चाकरमान्यांना कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्येच तर ठेवलं होतं. निसर्ग वादळाच्या वेळी किनाऱ्यावरच्या लोकांना हलवलं तेही शाळांच्या खोल्यांत. आपण वर्गखोल्या म्हणतो, पण अशा वेळी ते अख्ख्या गावाचं गेट असलेलं घर असतं.

तिच्या वहीत त्या वाक्याखाली मी खूण केली नाही. लिहिलं, "आपल्या शाळेला गेट आहे आणि त्याची एक किल्ली माझ्याकडे असते." तिने ते वाचलं, वही मिटली आणि विचारलं, "बाई, रात्री पण?" मी हो म्हणाले. आता 'हो' म्हटलंय तर किल्ली खरंच पर्समध्ये ठेवायला लागले आहे. आधी ती कपाटात असायची.

आता मुलांनी असे सिनेमे पाहावेत का, या प्रश्नाकडे येते. लहान मुलांनी एकट्याने मोबाइलवर पाहू नयेत, याबद्दल माझं मत ठाम आहे. चौथीतल्या मुलाला झोंबी दाखवा असं मी कोणालाच सांगणार नाही. पण आपण कितीही नाही म्हटलं तरी ती काही ना काही पाहतात, हेही खरं. मग पाहिल्यावर "घाण सिनेमा आहे, बंद कर" एवढंच म्हणून थांबलो, तर भीती मुलाच्या मनात तशीच राहते. त्यापेक्षा शेजारी बसून विचारावं. मी वर्गात वापरलेले प्रश्न खाली देत आहे. कुठल्याही संकटाच्या गोष्टीला ते चालतात, झोंबीच हवेत असं नाही. पूर, भूकंप, वादळ, अगदी ससा-सिंहाची गोष्टही चालेल.

१. या गोष्टीत तू कुठे आहेस, दाराच्या आत की बाहेर?
२. गोष्टीतल्या माणसांना कोणते दोन पर्याय दिसले?
३. तिसरा पर्याय काय असू शकला असता? (इथे घाई करू नका. पहिली पाच मिनिटं गोंधळ होऊ द्या.)
४. तो तिसरा पर्याय एकट्याला सुचला असता का? कोणाला विचारलं असतंस?
५. तुझ्या घरी, आजूबाजूला असं कोण आहे, ज्याला आधी मदत लागेल?

पालकांना एकच विनंती. पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुलाने दिलं की ते उत्तर हसण्यावारी नेऊ नका. आणि निबंधाची वही तपासायला घेणाऱ्या माझ्या शिक्षक मैत्रिणींनो, शुद्धलेखन तपासाच, पण शेवटचा मुद्दा एकदा पेन खाली ठेवून वाचा.

आमच्या गच्चीवर ते निळं पिंप अजून आहे. दरवर्षी मे महिन्यात मिस्टर ते धुऊन गेटबाहेर ठेवतात. आता तिथून चालत जाणारे थोडेच असतात, रिक्षावाले आणि कंटेनरचे ड्रायव्हर पाणी पितात. आमची मुलगी पाईप धरायला पुढे असते. मागच्या खेपेला तिने विचारलं, "आई, हे पिंप आपण का ठेवतो?" मी तिला सगळं सांगितलं. नळाला पाणी नाही असं मी खोटं बोलले होते, तेही सांगितलं.

तुमच्या वर्गात या प्रश्नांना मुलांनी काय उत्तरं दिली, ते जरूर कळवा. आमच्या पाईपवाल्या मुलाला वाचून दाखवीन.